तरुण पिढीचे निवृत्तिवेतन : वचन, निधी आणि पिढ्यांमधील न्याय (महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

सारांश

महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर शासकीय सेवेत आणि अनुदानित शिक्षणसंस्थांत नियुक्त झालेल्या कर्मचाऱ्यांसाठी निवृत्तिवेतनाची व्यवस्था मुळापासून बदलली. या बदलावरील चर्चा बहुधा ‘जुनी योजना हवी की नवी’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. प्रस्तुत लेखात हा प्रश्न थोडा वेगळ्या रीतीने मांडला आहे. जुन्या योजनेत वचन होते, पण त्यामागे साठविलेला निधी नव्हता. नव्या योजनेत निधी होता, पण निश्चित वचन नव्हते. आज सेवेत असलेल्या व उद्या सेवेत येणाऱ्या पिढीचे निवृत्तिवेतन सुरक्षित राहावयाचे असेल, तर वचन आणि निधी या दोहोंची सांगड घालणे, अंशदान वेळेवर जमा होणे आणि व्यवस्थेबाहेर राहिलेल्यांना तीत सामावून घेणे आवश्यक आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : निवृत्तिवेतन, परिभाषित लाभ, परिभाषित अंशदान, एकीकृत निवृत्तिवेतन योजना, पिढ्यांमधील न्याय.

प्रस्तावना

महाराष्ट्रातील कोणत्याही जुन्या अनुदानित महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये आज तीन प्रकारचे प्राध्यापक एकाच टेबलाभोवती बसलेले आढळतात. पहिले, नोव्हेंबर २००५ पूर्वी नियुक्त झालेले. त्यांना निवृत्तीनंतर अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर वेळोवेळी महागाईवाढ मिळणार आहे. दुसरे, त्या तारखेनंतर नियुक्त झालेले. त्यांच्या वेतनातून दरमहा अंशदान कापले जाते. तिसरे, तासिका तत्त्वावर काम करणारे. त्यांना निवृत्तिवेतन नाही, भविष्य निर्वाह निधी नाही आणि पुढील सत्रातील कामाची हमीही नाही. तिघांचीही शैक्षणिक अर्हता बहुधा सारखीच असते. वर्गातील विद्यार्थ्यांनाही त्यांच्यातील हा फरक दिसत नाही. तो दिसू लागतो साठीच्या उंबरठ्यावर.

निवृत्तिवेतन हा सामान्यतः लेखा विभागाचा रुक्ष विषय समजला जातो. वस्तुतः तो समाजातील दोन पिढ्यांमधील एक अलिखित करार आहे. काम करणारी पिढी निवृत्त पिढीला आधार देते आणि आपल्यालाही पुढील पिढीकडून तसाच आधार मिळेल, असा विश्वास बाळगते. हा विश्वास डळमळीत झाला की तरुणांना आपण दोन्हीकडून नागवले जात आहोत असे वाटू लागते. आधीच्या पिढीचा भार तर वाहावयाचा, पण स्वतःच्या वार्धक्याची शाश्वती मात्र नाही. म्हणूनच या विषयाचा विचार केवळ आजच्या निवृत्तांच्या दृष्टीने न करता पंचविशी-तिशीतील पिढीच्या दृष्टीने करणे अगत्याचे ठरते.

लेखाची उद्दिष्टे व मर्यादा

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) निवृत्तिवेतनाच्या कल्पनेचा विकास थोडक्यात पाहणे, (२) जुनी योजना, अंशदान योजना व एकीकृत योजना यांतील मूलभूत फरक स्पष्ट करणे, (३) तरुण कर्मचाऱ्यांसमोरील जोखमींचे स्वरूप उदाहरणांनी दाखविणे, (४) सुरक्षित व न्याय्य व्यवस्थेसाठी काही सूचना करणे. लेख वर्णनात्मक व विश्लेषणात्मक स्वरूपाचा असून कायदे, शासन निर्णय, न्यायनिर्णय व प्रकाशित अहवाल या दुय्यम साधनांवर आधारित आहे. यातील आकडेमोडीची उदाहरणे ही केवळ समजुतीसाठी घेतलेली असून ती कोणत्याही योजनेतील प्रत्यक्ष परताव्याचे भाकीत नव्हेत.

मेहेरबानी ते हक्क

मराठी वाचकाला ‘पेन्शन’ हा शब्द प्रथम इतिहासाच्या पुस्तकात भेटतो. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्याला सालीना आठ लक्ष रुपयांची पेन्शन मान्य केली. १८५१ मध्ये बाजीरावाचे निधन झाले आणि दत्तकपुत्र नानासाहेबांकडे ती पेन्शन पुढे चालू ठेवण्यास कंपनीने नकार दिला. विलायतेपर्यंत दाद मागूनही उपयोग झाला नाही. राजकीय पेन्शन आणि सेवेबद्दलचे निवृत्तिवेतन या भिन्न गोष्टी आहेत, हे खरे. तथापि या प्रसंगातून निघणारा धडा दोहोंनाही लागू पडतो. जे देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, ते वारसांपर्यंत पोहोचेलच असे नाही.

स्वतंत्र भारतात ही कल्पना बदलली. देवकीनंदन प्रसाद विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन हा कर्मचाऱ्याचा हक्क असून ते मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे, असे मानले. पुढे डी. एस. नाकारा विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात १७ डिसेंबर १९८२ रोजी घटनापीठाने दिलेला निर्णय या क्षेत्रातील मैलाचा दगड ठरला. निवृत्तीच्या तारखेवरून निवृत्तांमध्ये मनमानी भेद करता येणार नाही आणि निवृत्तिवेतन ही बक्षिसी नसून केलेल्या सेवेचा मोबदला व सामाजिक सुरक्षेचे साधन आहे, हे तत्त्व या निर्णयाने प्रस्थापित केले. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो, तो याच निर्णयाच्या स्मरणार्थ.

महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांसाठी ‘महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२’ लागू झाले आणि १९८० च्या दशकात अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकांनाही निवृत्तिवेतनाचा लाभ मिळू लागला. त्याआधी अशा महाविद्यालयांतून निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकाच्या हाती भविष्य निर्वाह निधीची रक्कम पडत असे आणि तीवरच त्याला उर्वरित आयुष्य काढावे लागे. या पार्श्वभूमीवर निवृत्तिवेतनाचे मोल मागील पिढीला किती वाटले असेल, हे सहज ध्यानात येईल.

जुनी योजना : निधीविना वचन

जुन्या योजनेला अर्थशास्त्रात ‘परिभाषित लाभ’ योजना म्हणतात. तीत काय मिळणार हे ठरलेले असते. स्थूलमानाने अखेरच्या वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, त्यावर महागाईवाढ आणि पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन असे तिचे स्वरूप होते. त्यासाठी कर्मचाऱ्याच्या वेतनातून कोणतीही कपात होत नसे. गुंतवणूक बुडाली, महागाई वाढली किंवा निवृत्त व्यक्ती नव्वदीपर्यंत जगली, तरी त्याची चिंता तिला करावी लागत नसे. या सर्व जोखमी शासन उचलत असे.

मात्र या वचनासाठी शासनाने दरवर्षी काही रक्कम बाजूला काढून ठेवली होती असे नाही. ज्या वर्षी निवृत्तिवेतन देय होते, त्या वर्षीच्या महसुलातूनच ते दिले जाते. कर्मचारी वाढत होते, निवृत्तांची संख्या तुलनेने कमी होती व आयुर्मान आजच्यापेक्षा अल्प होते, तोवर ही पद्धत सुरळीत चालली. कालांतराने तिन्ही गोष्टी बदलल्या. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लक्ष होती. एकूण लोकसंख्येतील त्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर महाराष्ट्रातील प्रमाण ९.९ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ आढळला. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी हा दर सुमारे २.१ असावा लागतो. याचा सरळ अर्थ असा की, आज शाळेत असलेली पिढी तिच्या पालकांच्या पिढीपेक्षा संख्येने लहान आहे आणि तिला अधिक वृद्धांचा भार अधिक काळ वाहावा लागणार आहे.

येथेच जुन्या योजनेतील पिढ्यांमधील प्रश्न उभा राहतो. २०४० नंतर निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्याला आज दिलेल्या वचनाची किंमत चुकविणारे करदाते आज प्राथमिक शाळेत आहेत. त्यांना या करारावर स्वाक्षरी करण्याची संधी मिळालेली नाही. शिवाय त्यांतील बहुसंख्यांना स्वतःला कोणतेही शासकीय निवृत्तिवेतन मिळणार नाही. वस्तू खरेदी करताना ते जो कर भरतील, त्यातूनच हे वचन पाळले जाईल.

भारतीय रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या मासिक पत्रिकेत या विषयावर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्व राज्यांनी जुन्या योजनेचा पुन्हा स्वीकार केल्यास एकत्रित राजकोषीय भार राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेच्या तुलनेत ४.५ पटींपर्यंत वाढू शकेल आणि २०६० पर्यंत अतिरिक्त भार वार्षिक सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या ०.९ टक्क्यापर्यंत पोहोचेल, असा त्यातील अंदाज आहे. अशा अंदाजांमागे अनेक गृहीतके असतात, हे मान्य करूनही दिशा स्पष्ट दिसते. जुन्या योजनेकडे परतल्याने आरंभीच्या काही वर्षांत शासनाचे अंशदान वाचते, त्यामुळे ती स्वस्त भासते. तिचे खरे बिल दोन-तीन दशकांनी येते आणि ते फाडणारी पिढी दुसरीच असते.

अंशदान योजना : वचनाविना निधी

केंद्र शासनाने १ जानेवारी २००४ पासून, सशस्त्र दले वगळून, नव्या कर्मचाऱ्यांसाठी परिभाषित अंशदान योजना लागू केली. महाराष्ट्र शासनाने ३१ ऑक्टोबर २००५ च्या निर्णयान्वये १ नोव्हेंबर २००५ पासून तोच मार्ग स्वीकारला. कर्मचाऱ्याने मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम द्यावयाची आणि शासनाने तेवढीच भर घालावयाची, असे तिचे सूत्र होते. पुढे २०१५ पासून राज्याची योजना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत समाविष्ट झाली आणि १ एप्रिल २०१९ पासून शासनाचे अंशदान १४ टक्के करण्यात आले. निवृत्तिवेतन निधी विनियामक व विकास प्राधिकरणाला २०१३ च्या कायद्याने वैधानिक अधिष्ठान लाभले.

या योजनेचे गुण नाकारता येत नाहीत. प्रत्येकाचे स्वतंत्र खाते असते, ते नोकरी बदलली तरी सोबत राहते आणि शासन आपला हिस्सा त्या त्या वर्षीच भरते. भार भविष्यावर ढकलला जात नाही. परंतु काय भरावयाचे हे ठरलेले असले, तरी काय मिळणार हे ठरलेले नसते. जुन्या योजनेत शासनाने उचललेल्या सर्व जोखमी येथे एकट्या कर्मचाऱ्याच्या खांद्यावर येतात. त्या कोणत्या, हे एका साध्या उदाहरणाने पाहू.

समजा, एका सहायक प्राध्यापकाच्या खात्यात त्याचे व शासनाचे मिळून दरमहा १०,००० रुपये सलग तीस वर्षे जमा झाले. एकूण जमा ३६ लक्ष रुपये. वार्षिक ८ टक्के दराने, मासिक चक्रवाढीने, तीस वर्षांअखेर सुमारे १ कोटी ४९ लक्ष रुपये होतील. परतावा ६ टक्केच मिळाला तर हीच रक्कम सुमारे १ कोटी होईल. केवळ दोन टक्क्यांच्या फरकाने निधी एक-तृतीयांशाने घटतो. ही झाली गुंतवणुकीची जोखीम.

दुसरी जोखीम विलंबाची. आरंभीच्या पाच वर्षांचे अंशदान जमाच झाले नाही, तर बुडालेली मूळ रक्कम केवळ ६ लक्ष. पण ८ टक्के दराने तीस वर्षांअखेरचा निधी १ कोटी ४९ लक्षांऐवजी सुमारे ९५ लक्षच राहतो. पाच वर्षांनंतर ते ६ लक्ष व्याजाविना एकरकमी जमा केले, तरीही अखेरीस सुमारे १० लक्षांची तूट राहते. चक्रवाढीच्या गणितात सुरुवातीची वर्षेच सर्वाधिक मोलाची असतात. महाराष्ट्रात योजना २००५ मध्ये लागू झाली, पण तिची कार्यपद्धती ठरणे, खाते क्रमांक मिळणे आणि नंतर राष्ट्रीय योजनेत रक्कम वर्ग होणे या टप्प्यांत अनेकांच्या नोंदी अपुऱ्या राहिल्याच्या तक्रारी आहेत. कापलेल्या रकमेची पावती नाही, शासनहिश्श्याचा मेळ लागत नाही, एका संस्थेतून दुसरीकडे गेल्यावर मधल्या काळाचा हिशेब जुळत नाही, असे अनुभव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले किंवा स्वतः घेतलेले असतील. वरील आकडेमोड अशा वेळी केवळ कागदावरची राहत नाही.

तिसरी जोखीम दीर्घायुष्य व महागाईची. निवृत्तीच्या वेळी शासकीय कर्मचाऱ्याला निधीतील किमान ४० टक्के रकमेतून विमा कंपनीकडून वार्षिकी विकत घ्यावी लागते. वरील उदाहरणातील १ कोटी ४९ लक्षांच्या ४० टक्के म्हणजे सुमारे ५९ लक्ष ६० हजार. वार्षिकीचा दर ६ टक्के धरल्यास दरमहा सुमारे २९,८०० रुपये मिळतील. ही रक्कम सामान्यतः स्थिर असते, तीवर महागाईवाढ मिळत नाही. महागाई वार्षिक ५ टक्के राहिली, तर वीस वर्षांनी या रकमेची क्रयशक्ती मूळच्या सुमारे ३८ टक्केच उरते. म्हणजेच वयाच्या ऐंशीव्या वर्षी, औषधोपचाराचा खर्च सर्वाधिक असताना, हाती सर्वांत कमी असते. उरलेले ६० टक्के एकरकमी मिळतात हे खरे, पण ते मुलांचे शिक्षण, घराचे कर्ज वा आजारपण यांत सरले तर परत मिळवावयाचे कोठून?

आंदोलनापासून एकीकृत योजनेपर्यंत

या असुरक्षिततेतूनच ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा राज्यभर दुमदुमली. १४ ते २० मार्च २०२३ या काळात महाराष्ट्रातील शासकीय, निमशासकीय कर्मचारी व शिक्षकांनी संप पुकारला. तत्पूर्वी २०२२ मध्ये राजस्थान, छत्तीसगड व झारखंड या राज्यांनी आणि २०२३ च्या आरंभी हिमाचल प्रदेशाने जुन्या योजनेकडे परतण्याचे निर्णय घेतले होते. महाराष्ट्र शासनाने त्रिसदस्यीय समिती नेमली. सेवेत असताना मृत्यू पावलेल्या अंशदान योजनेतील कर्मचाऱ्याच्या वारसांना कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग मार्च २०२३ मध्ये खुला करण्यात आला. ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वी निघाली होती, पण नियुक्ती नंतर झाली, अशांना जुन्या योजनेचा एकवेळचा पर्याय २०२४ च्या आरंभी देण्यात आला.

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी एकीकृत निवृत्तिवेतन योजनेस मान्यता दिली व ती १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. पंचवीस वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के निवृत्तिवेतन, त्यापेक्षा कमी सेवेस त्या प्रमाणात, किमान दहा वर्षांच्या सेवेनंतर दरमहा किमान १०,००० रुपये, त्यावर महागाईवाढ आणि पश्चात जोडीदारास निवृत्तिवेतनाच्या ६० टक्के, अशी तिची रूपरेषा आहे. कर्मचाऱ्याचे अंशदान १० टक्केच आहे. शासनाचे मात्र १८.५ टक्के असून त्यातील १० टक्के वैयक्तिक खात्यात व ८.५ टक्के सामायिक निधीत जातात. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने २५ ऑगस्ट २०२४ रोजी ही योजना राज्यात स्वीकारण्याचा निर्णय घेतला. त्याआधी १ मार्च २०२४ रोजी राज्याने सुधारित राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनाही जाहीर केली होती. आपल्या संवर्गाला व संस्थेला यांपैकी कोणता पर्याय, कोणत्या अटींवर लागू आहे, हे प्रत्येक प्राध्यापकाने स्वतःच्या विभागाच्या आदेशांतून पडताळून पाहणे श्रेयस्कर.

तात्त्विक दृष्ट्या या योजनेचे महत्त्व असे की, तीत वचन व निधी एकत्र आले. लाभ ठरलेला आहे आणि त्यासाठी दरमहा रक्कमही बाजूला पडते. तथापि सामायिक निधीतील ८.५ टक्के रक्कम तीस वर्षांनंतरही पुरेल काय, हे आज कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. वेतन आयोगांच्या शिफारशी, महागाई व आयुर्मान यांवर ते अवलंबून राहील. ती अपुरी ठरली तर तूट शासन, म्हणजे पुन्हा तत्कालीन करदाते, भरून काढणार. म्हणून ठरावीक कालावधीने विमागणिती मूल्यमापन होणे व त्यानुसार अंशदान सुधारणे हाच या योजनेचा प्राण आहे.

अन्य देशांचा अनुभव

हा प्रश्न केवळ आपल्याच राज्यापुढे आहे असे नाही. वृद्धांचे प्रमाण आपल्याआधी वाढलेल्या देशांनी तो कसा हाताळला, हे पाहणे बोधप्रद आहे. तेथील योजना सर्व नागरिकांसाठी आहेत, आपली चर्चा प्रामुख्याने कर्मचाऱ्यांपुरती आहे, हा फरक मात्र ध्यानात ठेवावयास हवा.

अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा योजना १९८० च्या दशकाच्या आरंभी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली होती. तेव्हा दोन्ही प्रमुख पक्षांनी मिळून १९८३ मध्ये सुधारणा केल्या. पूर्ण लाभाचे वय ६५ वरून ६७ करण्याचे ठरले, पण ही वाढ अत्यंत सावकाश करण्यात आली. १९६० व त्यानंतर जन्मलेल्यांनाच ६७ हे वय लागू झाले. ज्यांच्यावर परिणाम होणार होता, त्यांना तयारीसाठी दशकांचा अवधी मिळाला. त्या योजनेचे विश्वस्त दरवर्षी पुढील ७५ वर्षांचा अंदाज जाहीर करतात. २०२५ च्या अहवालानुसार वृद्धत्व निधीची गंगाजळी २०३३ मध्ये संपेल व त्यानंतर येणाऱ्या उत्पन्नातून ठरलेल्या लाभांपैकी ७७ टक्केच देता येतील. संकट आहे, पण ते झाकलेले नाही. तिशीतील अमेरिकन नागरिकाला तूट केव्हा व किती येणार हे आज वाचता येते आणि त्यावर आपल्या प्रतिनिधीला जाबही विचारता येतो.

स्वीडनने वेगळा मार्ग निवडला. पाच पक्षांनी १९९४ मध्ये तत्त्वांवर सहमती केली व १९९८ मध्ये कायदा झाला. तेथे प्रत्येक पिढीचे निवृत्तिवेतन तिच्या अपेक्षित आयुर्मानाशी जोडलेले आहे आणि देणी जमेपेक्षा वाढली की वाढीचा दर आपोआप रोखला जातो. ही तरतूद २०१० मध्ये प्रथम प्रत्यक्षात आली, तेव्हा निवृत्तांना त्याची झळ सोसावी लागली. पण सर्व भार तरुणांवर पडला नाही. या दोन्ही उदाहरणांतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. बदल लवकर जाहीर करावा व सावकाश अमलात आणावा. हिशेब उघड असावा. आणि व्यवस्था सत्तांतरानंतरही टिकेल इतकी व्यापक सहमती तिच्यामागे असावी.

व्यवस्थेबाहेरील तरुण

आतापर्यंतची सर्व चर्चा ज्यांना निदान काहीतरी मिळणार आहे अशांविषयी होती. आरंभी उल्लेखिलेल्या तिसऱ्या गटाचा विचार केल्याशिवाय ती अपुरी राहील. तासिका तत्त्वावरील प्राध्यापक, कंत्राटी कर्मचारी, खासगी शिकवणीतील शिक्षक, तसेच आपल्याच वर्गांतून बाहेर पडून वितरणाच्या वा अल्पमुदतीच्या कामांत शिरणारे पदवीधर यांचे वार्धक्य कोणाच्याच हिशेबात नाही.

त्यांच्यासाठी योजनाच नाहीत असे नाही. संघटित खासगी क्षेत्रात १६ नोव्हेंबर १९९५ पासून कर्मचारी निवृत्तिवेतन योजना आहे. तिच्यातील किमान निवृत्तिवेतन २०१४ मध्ये दरमहा १,००० रुपये ठरविण्यात आले. २०१५ मध्ये सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेत १८ ते ४० वयोगटातील व्यक्तीला अंशदानानुसार साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० रुपयांची हमी मिळते. निराधार वृद्धांसाठी राज्याच्या श्रावणबाळ योजनेतील साहाय्य २०२३ मध्ये दरमहा १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आले. मात्र अटल योजनेतील ५,००० रुपये ही रक्कम महागाईशी जोडलेली नाही. आज अठराव्या वर्षी त्या योजनेत शिरणाऱ्या विद्यार्थ्याला ती बेचाळीस वर्षांनी मिळणार आहे. तेव्हा तिचे मोल किती उरेल, याचा अंदाज वर दिलेल्या क्रयशक्तीच्या हिशेबावरून वाचकांनीच करावा.

निवृत्तिवेतनाची न्याय्यता ही केवळ जुने व नवे कर्मचारी यांच्यातील समानतेने सिद्ध होत नाही. ज्या तरुणाच्या करातून आपले निवृत्तिवेतन दिले जाते, त्याच्याही वार्धक्याची काही सोय आहे काय, हा प्रश्न प्राध्यापकवर्गाने स्वतःला विचारावयास हवा. तो विचारला गेला, तर आपल्या मागणीला नैतिक बळच प्राप्त होईल.

निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष व सूचना मांडता येतील.

१. निवृत्तिवेतनाची सुरक्षितता केवळ वचन किती मोठे आहे यावर ठरत नाही. ते पाळण्यासाठी आज किती तरतूद केली जाते, यावर ती ठरते. निधीविना दिलेले वचन भावी पिढीवर भार टाकते, तर वचनाविना उभारलेला निधी आजच्या तरुणावर सर्व जोखीम टाकतो.

२. राज्य शासनाने निवृत्तिवेतनाच्या भावी दायित्वाचे विमागणिती विवरण दरवर्षी अर्थसंकल्पासोबत विधिमंडळापुढे ठेवावे.

३. अंशदान विहित मुदतीत जमा न झाल्यास विलंबकाळाचा पूर्ण परतावा भरून देण्याची जबाबदारी ज्याच्याकडून विलंब झाला त्याच्यावर असावी. २००५ नंतरच्या अपुऱ्या नोंदींचा मेळ कालबद्ध रीतीने घालण्यात यावा.

४. प्रत्येक महाविद्यालयाने वर्षातून एकदा कर्मचाऱ्यांना खातेनिहाय विवरण द्यावे व वाणिज्य वा अर्थशास्त्र विभागाने ते समजावून सांगावे. तरुण सहकाऱ्यांनी आपले विवरण दरवर्षी वेतनपावतीशी ताडून पाहावे.

५. तासिका तत्त्वावरील व कंत्राटी अध्यापकांसाठी, त्यांच्या मानधनाच्या प्रमाणात, संस्था बदलली तरी सोबत राहणारे अंशदान खाते उघडण्यात यावे.

६. नियमांतील कोणताही प्रतिकूल बदल पुरेशा पूर्वसूचनेने व टप्प्याटप्प्याने करावा. निवृत्तीच्या जवळ आलेल्यांवर तो लादू नये.

समारोप

आंब्याचे झाड लावणारा त्याची फळे खाईलच असे नाही, हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. निवृत्तिवेतनाचे तसेच आहे. आज निवृत्त होणाऱ्या पिढीला जी सावली मिळाली, ती मागील पिढीने न्यायालयात व रस्त्यावर झगडून मिळविली होती. पुढील पिढीला ती मिळावयाची असेल, तर मागणीबरोबर हिशेबाचीही चाड बाळगावी लागेल. स्टाफरूममधील त्या टेबलाभोवती बसलेल्या तिघांपैकी सर्वांत तरुण जो आहे, त्याच्या साठीची तरतूद ही आजच करावयाची गोष्ट आहे. चक्रवाढीचे गणित कोणासाठीही थांबत नाही.